प्रीपोझिशन अडतं कुठे? आधीच्या शब्दाकडे बघा

खराडीतल्या एका ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने परदेशी ग्राहकाला मेल लिहिला: 'आय विल फिनिश द रिपोर्ट अंटिल फाइव्ह.' तिच्या मनातलं वाक्य अगदी सरळ होतं: पाच वाजेपर्यंत रिपोर्ट पूर्ण करते. ग्राहकाला मात्र उलगडा होईना. रिपोर्ट पाचच्या आत हातात येणार, की पाचपर्यंत काम चालणार आणि मग थांबणार? मराठीतलं एक 'पर्यंत' इंग्रजीत दोन ठिकाणी विभागलेलं आहे. 'बाय फाइव्ह' म्हणजे पाचच्या आत केव्हाही, पण पाचला काम झालेलं असणार. 'अंटिल फाइव्ह' म्हणजे पाचपर्यंत सलग. दुकान नऊपर्यंत उघडं असतं ते 'अंटिल नाइन', आणि नऊपर्यंत घरी ये असं आई सांगते ते 'बाय नाइन'.

ग्राहकांशी मेलवर बोलायच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि सुट्टीच्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मुलांचं इंग्रजी घेते. नांदेड, सांगोला, चाळीसगाव, कुठून कुठून मुलं येतात, बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांचे काळ सुधारतात, स्पेलिंग सुधारतं, शब्दसंग्रह तर झपाट्याने वाढतो. सगळ्यात शेवटपर्यंत अडतं ते प्रीपोझिशनपाशी. ही मुलं कच्ची असतात म्हणून असं होत नाही. त्यांची मराठी पक्की असते, आणि मराठीचे प्रत्यय इंग्रजीत आपोआप उतरतात, म्हणून होतं.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. 2000 सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं, पण प्रीपोझिशन शिकवण्याची रीत मला फारशी बदललेली दिसत नाही. टू म्हणजे ला, फ्रॉम म्हणजे पासून, इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, विथ म्हणजे शी. अप्पा बळवंत चौकातून आणलेली स्पोकन इंग्लिशची पुस्तकं मुलं माझ्यापुढे ठेवतात, त्यांतही हाच तक्ता असतो. तक्ता खोटा नाही. पुस्तक टेबलावर आहे, पेन खिशात आहे, इथपर्यंत तो साथ देतो. त्यापुढे मात्र तो वाट चुकवतो, आणि ऑफिसातलं जवळजवळ सगळं लिखाण त्यापुढचंच असतं.

मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं, इंग्रजीत प्रीपोझिशन नामाच्या आधी सुटं उभं राहतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही. कोणतं प्रीपोझिशन यायचं, हे पुष्कळदा त्याच्या पुढचं नाम ठरवत नाही. त्याच्या आधीचं क्रियापद किंवा विशेषण ठरवतं. 'अफ्रेड' आलं की 'ऑफ' येणारच, मग भीती कुत्र्याची असो, अंधाराची असो की मॅनेजरची. 'डिपेंड' आलं की 'ऑन'. 'इंटरेस्टेड' आलं की 'इन'. पुढच्या नामाकडे बघून मराठी प्रत्यय आठवत बसलात तर उत्तर मिळणार नाही. आधीच्या शब्दाकडे बघा.

मराठीतही हेच चालतं, आपल्या ते लक्षात येत नाही इतकंच. आपण आईवर प्रेम करतो, कुत्र्याला घाबरतो, मित्राशी भांडतो, शेजाऱ्याचा हेवा करतो. प्रेमाला 'वर' का लागतो आणि भांडणाला 'शी' का? त्या त्या क्रियापदाची ती मागणी आहे, आणि आपण ती लहानपणापासून क्रियापदाबरोबरच शिकलो. पुण्यात येऊन मराठी शिकणाऱ्या तमिळ किंवा बंगाली माणसाला विचारा, तो नेमका इथेच अडखळतो. आपल्याला इंग्रजीत तेच करायचं आहे: शब्द एकटा न शिकता त्याच्या जोडीदारासकट शिकायचा.

सगळ्यात जास्त गोंधळ 'ला' करतो. मला सांगितलं, तिला विचारलं, ऑफिसला पोहोचलो, त्याला समजावलं. या सगळ्यांत 'ला' आहे म्हणून मुलं सगळीकडे 'टू' घालतात. 'टेल' आणि 'आस्क' यांना टू नको: 'ही टोल्ड मी', 'आय आस्क्ड हर'. 'से' आणि 'एक्स्प्लेन' यांना हवा: 'ही सेड टू मी', 'प्लीज एक्स्प्लेन इट टू मी'. 'एक्स्प्लेन मी' हे पुण्यातल्या ऑफिसांत रोज कानावर पडतं आणि इतकं सवयीचं झालंय की बरोबर वाटू लागतं. ते बरोबर नाही. 'रीच'ला काहीच लागत नाही, 'आय रीच्ड द ऑफिस' एवढंच. त्याच अर्थाच्या 'अराइव्ह'ला मात्र लागतं: शहरात आलात तर 'अराइव्ह इन पुणे', स्टेशनवर आलात तर 'अराइव्ह ॲट द स्टेशन'. 'गो'ला टू लागतो, पण 'होम', 'अब्रॉड', 'देअर' यांच्या आधी तो गळतो. आपणही 'घराला गेलो' म्हणत नाही, 'घरी गेलो' म्हणतो.

'वर', 'शी', 'त', 'पेक्षा' यांचंही तसंच. माझ्यावर रागावला, पण 'अँग्री विथ मी'. देवावर विश्वास, पण 'बिलीव्ह इन गॉड'. तिच्याशी लग्न, पण 'मॅरिड टू हर'. गणितात हुशार, पण 'गुड ॲट मॅथ्स'. माझ्यापेक्षा सीनियर, पण 'सीनियर टू मी', आणि ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांनाही टूच. चहापेक्षा कॉफी आवडत असेल तर 'आय प्रिफर कॉफी टू टी'.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते, आणि जी शिकवल्यावर मुलांचे मेल लगेच सुधारतात, ती. इंग्रजीत एकच शब्द, तसाच किंवा थोडं रूप बदलून, कधी क्रियापद असतो, कधी नाम. पुष्कळ शब्दांच्या बाबतीत क्रियापदाला प्रीपोझिशन लागत नाही, नामाला लागतं. 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम', पण 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम'. 'आय रिक्वेस्टेड लीव्ह', पण 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'ही आन्सर्ड द क्वेश्चन', पण 'द आन्सर टू द क्वेश्चन'. 'दे डिमांडेड अ रिफंड', पण 'अ डिमांड फॉर अ रिफंड'. 'वी लॅक टाइम', पण 'लॅक ऑफ टाइम'. 'डिस्कस अबाउट' जन्माला येतं ते इथूनच: नामाचं प्रीपोझिशन क्रियापदाला चिकटतं, आणि 'याबद्दल चर्चा करू' या मराठी वाक्याने त्याला बळ मिळतं. सगळ्याच शब्दांना हा नियम लागू नाही. 'रिप्लाय' क्रियापद असो की नाम, दोन्हीकडे टू घेतो. तरीही 'आन्सर', 'रिक्वेस्ट', 'डिमांड', 'डिस्कस' हे शब्द मेलमध्ये इतके येतात की एवढी ओळख पुष्कळ पुरते.

नोकरीसाठी मुलाखतीला जाताना स्वतःच्या कामाचं एक वाक्य तयार ठेवा, त्यात चार प्रीपोझिशन एकदम बसतात: 'आय वर्क फॉर अ बँक, इन द लोन डिपार्टमेंट, ऑन अ न्यू प्रोजेक्ट, विथ अ स्मॉल टीम.' ज्याच्याकडून पगार घेतो त्याला फॉर, विभागाला इन, ज्यावर काम चाललंय त्याला ऑन, सोबतच्यांना विथ. अर्ज करताना कंपनीकडे 'अप्लाय टू', जागेसाठी 'अप्लाय फॉर'. पदवी विषयाची असते म्हणून 'अ डिग्री इन कॉमर्स', आणि विद्यापीठातून घेतली म्हणून 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम'. 'दोन वर्षांपासून काम करतोय' सांगताना 'सिन्स टू इयर्स' नको. कालावधी मोजला की 'फॉर टू इयर्स', सुरुवातीचा बिंदू सांगितला की 'सिन्स 2022'. मराठीचं 'पासून' दोन्हीकडे चालतं, म्हणून हे मुद्दाम घोकावं लागतं. घोकायला माझी काही हरकत नाही, जे घोकायचं ते योग्य असावं एवढंच.

जागा आणि वेळ यांची प्रीपोझिशन मात्र वेगळी आहेत. तिथे पुढचं नामच बोलतं. शिवाजीनगर घ्या. तिथे राहत असाल तर 'इन शिवाजीनगर', कारण तो परिसर आहे, आपण त्याच्या आत आहोत. मित्राला भेटायला बोलावलंत तर 'ॲट शिवाजीनगर स्टेशन', कारण आता ते नकाशावरचं एक ठिकाण आहे, आत-बाहेर हा प्रश्नच नाही. फलाट म्हणजे पृष्ठभाग, म्हणून 'ऑन द प्लॅटफॉर्म'. रस्ता म्हणजे रेघ, म्हणून दुकान 'ऑन लक्ष्मी रोड'. एकाच जागेला इन आणि ॲट दोन्ही लागू शकतात, आपण तिच्याकडे कसं बघतोय त्यावर ते ठरतं. 'ही इज ॲट स्कूल' म्हणजे तो शाळेत शिकायला गेलाय, 'ही इज इन द स्कूल' म्हणजे इमारतीच्या आत आहे.

वाहनांचं तर पुण्यात रोजच काम पडतं. पीएमपीच्या बसमध्ये 'ऑन द बस', मेट्रोत 'ऑन द मेट्रो', पण रिक्षात 'इन अ रिक्शा' आणि गाडीत 'इन अ कार'. ज्यात उभं राहून चालता-फिरता येतं त्याला सहसा ऑन, ज्यात नुसतं बसता येतं त्याला इन. दुचाकीवर स्वार होतो, म्हणून तिलाही ऑन. नुसता प्रकार सांगायचा तर 'बाय बस', 'बाय मेट्रो', पण वाहनाच्या आधी 'माय' किंवा 'द' आलं की बाय जातं: 'ऑन माय बाइक'. पायी गेलात तर 'ऑन फुट'.

वेळेसाठी एकच प्रसंग लक्षात ठेवला तरी भागतं. पानशेतचं धरण फुटलं ते 1961 साली, जुलै महिन्यात, 12 तारखेला, सकाळी. इंग्रजीत 'इन 1961', 'इन जुलै', 'ऑन ट्वेल्थ जुलै', 'इन द मॉर्निंग'. वार आणि तारीख आली की ऑन, त्याहून मोठा काळ किंवा नुसती सकाळ आली की इन, घड्याळातली वेळ आली की ॲट. सकाळ एका ठरावीक दिवसाची झाली की ती दिवसाच्या बाजूला जाते: 'ऑन द मॉर्निंग ऑफ ट्वेल्थ जुलै'. वाराच्या आधी नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांपैकी काही आलं की प्रीपोझिशन गळतं, म्हणून 'ऑन नेक्स्ट मंडे' म्हणू नये. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते, 'ॲट सेव्हन फिफ्टीन'. ती ठरल्या वेळी सुटली तर 'ऑन टाइम'. तुम्ही ती सुटायच्या आत पोहोचलात तर 'इन टाइम'. फोनवर 'दहा मिनिटांनी येतो' सांगायचं असेल तर 'इन टेन मिनिट्स' म्हणा. 'आफ्टर टेन मिनिट्स' गोष्ट सांगताना शोभतं, घडून गेलेल्या प्रसंगात.

अपवाद नसलेला नियम इंग्रजीत दुर्मीळ, पण इथे एक जवळपास तसाच आहे. प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावून येतं. 'इंटरेस्टेड इन लर्निंग', 'गुड ॲट कुकिंग', 'विदाउट आस्किंग'. मेलच्या शेवटी लिहितो ते 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' यातला टू प्रीपोझिशन आहे, म्हणून 'टू हिअर' नव्हे. तपासायची खूण सोपी आहे: टूनंतर 'द मीटिंग' असं साधं नाम घालून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द मीटिंग' बसतं, म्हणजे तिथे आयएनजी हवं.

वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊ नये, असं काही शिक्षक आजही सांगतात. 17 व्या शतकात जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने तशा वाक्यांना नावं ठेवली होती, आणि पुढे तो नियमच बनला. बोलणाऱ्या इंग्रजाने तो कधी पाळला नाही. 'व्हेअर आर यू फ्रॉम?', 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' ही वाक्यं निर्धास्त म्हणा. आपल्याला अवघड जातं ते वेगळ्याच कारणाने: मराठीत 'पासून' किंवा 'साठी' नामाला सोडून एकटं कधी राहत नाही, म्हणून प्रश्नात ते शेवटी ठेवायचं विसरतं आणि 'व्हॉट आर यू लुकिंग?' बाहेर पडतं.

सरावासाठी मी मुलांना तक्ता फाडायला सांगत नाही, वहीची रीत बदलायला सांगते. नवा शब्द एकटा लिहायचा नाही. 'रिस्पॉन्सिबल = जबाबदार' असं न लिहिता 'रिस्पॉन्सिबल फॉर' लिहायचं आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. शब्दकोश इंग्रजी-मराठी न घेता शिकणाऱ्यांसाठी बनवलेला घ्यावा, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन कुणाचाही. तिघांचेही ऑनलाइन फुकट बघता येतात, आणि शब्दापुढे कोणतं प्रीपोझिशन लागतं ते ठळक दिलेलं असतं. दुसरा उपाय पेन्सिलीचा. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद उतरवून घ्या, त्यातली सगळी प्रीपोझिशन गाळा, दुसऱ्या दिवशी भरून मूळ मजकुराशी ताडा. जिथे अडलात तो शब्द जोडीदारासकट वहीत जाईल. ऑफिसात असाल तर ग्राहकाकडून आलेले नीट लिहिलेले मेल याच कामासाठी वापरा. त्यात तुमच्याच कामाचे शब्द असतात.

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत थोडा फरक पडतो. ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणेल, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. 'डिफरंट फ्रॉम' दोघांकडे चालतं, म्हणून तेच धरावं. ग्राहक ज्या देशाचा, त्याच्या पद्धतीने लिहा. परीक्षेत ब्रिटिश पद्धत धरा. आणि मुलाखत पुढच्याच आठवड्यात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून अप्लाय, वर्क, रिस्पॉन्सिबल, एक्स्पीरियन्स, इंटरेस्टेड, गुड, डिस्कस, एक्स्प्लेन या आठ शब्दांची आपापली वाक्यं मोठ्याने म्हणत राहा.