मोठा अ‍ॅम्प गिटारसाठी घ्यायला निघालात? आधी या चुका टाळा

“काका, किती वॅटचा घेऊ?” गणपती महिनाभरावर आले की हा प्रश्न सुरू होतो. घरी दहा वॅटचा डबा असतो, मंडळाच्या स्टेजवर एकदा गिटार दबलेली असते, आणि पोरगं थेट शंभर वॅटवर गेलेलं असतं. मधलं काही नाहीच. मी सोलापुरात अ‍ॅम्प दुरुस्त करतो आणि ऑर्केस्ट्राचा साउंडही बघतो. त्यामुळे एकच अ‍ॅम्प घ्यायच्या आधी आणि जळल्यानंतर, असा दोनदा माझ्यापुढे येतो.

वॅट म्हणजेच आवाज, असं धरून चालणं

दहाच्या दहापट शंभर, म्हणून आवाजही दहापट, असा सरळ हिशोब असतो. कान हा हिशोब मानत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. लक्ष देऊन ऐकलं तर फरक कळतो, एवढाच. ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे 10 वॅटवरून 100 वर गेलात तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट. आणि 50 सोडून 100 चा घेताना जे जादा पैसे मोजता, ते त्या 3 डेसिबलचे.

हेच 3 डेसिबल स्पीकर बदलून मिळतात. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल येतात, हे चांगल्या स्पीकरच्या कागदावर छापलेलं असतं. 97 डेसिबलचा काढून 100 डेसिबलचा बसवला की अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट केल्यासारखंच झालं. पण दुकानात स्पीकरबद्दल विचारणारा गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतो. स्टेजसाठी म्हणून आठ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प उचलतात आणि मग आवाजाला अंग नाही म्हणून वॅटला दोष देतात. स्टेजला बारा इंची घ्या, विषय संपला. आणि स्वस्त डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट दिसले तर पूर्वीच्या टेपरेकॉर्डरवरचे पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले वॅट, आठवा. आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या वॅटचा, आकडा विचारा. दुकानदाराला तो सांगता आला नाही, तर बाहेर पडा.

मुळात शंभर वॅट आले कुठून? 1965 च्या सुमारास ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडसाठी मार्शलने शंभर वॅटचा अ‍ॅम्प बनवला. त्या काळी पीए सिस्टीममधून, म्हणजे लोकांसाठी लावलेल्या स्पीकरमधून, मुख्यतः गायकाचा आवाज जायचा. गिटार मागच्या रांगेपर्यंत पोचवायची तर ती अ‍ॅम्पच्याच जोरावर. आज आपल्याकडे गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमालाही मिक्सर असतो आणि अ‍ॅम्पसमोर माईक लागतो. लोकांपर्यंत आवाज नेणं साउंडवाल्याचं काम आहे. तुमचा अ‍ॅम्प तुम्हाला आणि शेजारच्या ऑक्टोपॅडवाल्याला ऐकू आला की भागलं. त्याला 15 ते 30 वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प किंवा 50 वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प भरपूर झाला. व्हॉल्व्हचे वॅट कमी चालतात, कारण त्याचा आवाज थोडा फाटला तरी गोड लागतो. ट्रान्झिस्टर फाटून चालत नाही, त्याला हात राखून वाजवावं लागतं.

उलट स्टेजवर शंभर वॅट उघडले की पुढच्या दोन रांगांचे कान जातात आणि मिक्सरवर बसलेला माणूस गिटारचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढतो. मग मागच्यांना गिटार ऐकूच येत नाही, आणि गिटारवाला कार्यक्रम संपल्यावर साउंडवाल्याशी भांडतो.

घरी तर विचारूच नका. मोठ्या अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमचं बटण शून्य आणि एकच्या मध्ये केसभर हलवत बसावं लागतं. तेवढ्यावर टोन उघडत नाही, आणि जरा पुढे सरकवलं की खालचे काकू वर येतात. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे. रियाजाला पाच-दहा वॅटचा, हेडफोनची जागा असलेला अ‍ॅम्प ठेवा. एकच अ‍ॅम्प घरी, स्टेजवर आणि रेकॉर्डिंगला चालवायचा हट्ट असेल, तर मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी करायचं बटण) असलेला किंवा वॅट कमी करायचा स्विच असलेला घ्या.

हेड आणि कॅबिनेटमध्ये गिटारची केबल लावणं

हेड म्हणजे बिनस्पीकरचा अ‍ॅम्प, कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी. यावर मला खरंच राग येतो, कारण गिटारच्या आणि स्पीकरच्या केबलचे जॅक सारखेच असतात आणि नेमकं तेच माणसाला फसवतं. गिटारच्या केबलमध्ये मधोमध एक बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. स्पीकरच्या केबलमध्ये दोन जाड तारा असतात. गिटारकडून येणारा सिग्नल नाजूक. हेडकडून स्पीकरकडे जातो तो चांगला दणदणीत करंट.

जुळे सोलापूरकडच्या एका पोराने पुण्याहून जुना शंभर वॅटचा व्हॉल्व्ह हेड आणला, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मांडीवर ठेवून. गणपतीतला कार्यक्रम होता. कॅबिनेट टेम्पोतून आलं, स्पीकर केबल घरी राहिली. कोणीतरी पिशवीतून गिटारची केबल काढून दिली आणि आवाज आला. पहिलं गाणं व्यवस्थित झालं. दुसऱ्या गाण्यात आवाज तुटायला लागला. पोराला वाटलं आवाज कमी पडतोय, त्याने व्हॉल्यूम आणखी वर नेला. मी मिक्सर सोडून पळत गेलो तोवर जळक्या वार्निशचा वास पहिल्या खुर्च्यांपर्यंत आला होता. जॅकजवळचं प्लास्टिक मऊ होऊन आतली तार सुटली होती. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला स्पीकरचा लोड मिळाला नाही की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं आणि इन्सुलेशन फुटतं. इथेही तेच झालं.

यंत्रमागाची मोटर भरून देणारे आपल्या गावात गल्लोगल्ली आहेत. पोरगं ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यांच्याकडेही फिरून आलं. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बाजूच्या तारांचे थर एकाआड एक घ्यावे लागतात. मोटर भरण्याच्या हिशोबाने ते होत नाही. शेवटी ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवावा लागला. त्या रात्री कॅबिनेटसमोर माझा माईक होताच. पंधरा वॅटमध्येही मी ती गिटार शेवटच्या खुर्चीपर्यंत नेली असती.

माझी सवय सांगतो. स्पीकर केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेली असते आणि ती कॅबिनेटच्या मागेच बांधलेली असते, पिशवीत कधीच जात नाही. आधी स्पीकर जोडायचा, मगच मेन स्विच.

ओहमचंही, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्या आकड्याचंही, बघा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ‘किमान 4 ओहम’ लिहिलं असेल तर 8 चा स्पीकर चालतो, आवाज थोडा कमी येतो. पण 8 चे तीन कॅबिनेट समांतर जोडले की 4 च्या खाली गेलात. व्हॉल्व्हला आकडा जुळवूनच द्यायचा.

गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन तोडणं

हे करणाऱ्याला मी स्टेजवर चढू देत नाही. हातात गिटार, ओठ माईकला, आणि दोघांचं अर्थिंग वेगळं किंवा नाहीच, तर करंट तुमच्यातून जातो. 1972 मध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवरच माईकचा शॉक बसून गेला. मांडवातल्या बोर्डावर तिसरं भोक असतं, त्यामागे तार असेलच असं नाही. मी वायरमनला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगतो. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. अर्थ गळतीचा स्विच असेल तर तो पडेल. मग तर उत्तमच. गुणगुणीवर इलाज हवा असेल तर अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, आणि डीआय बॉक्सवर (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नल केबलचं अर्थ सोडवणारं, बटण असतं ते दाबा.

अमेरिकेतल्या दादाने आणलेला 120 व्होल्टचा अ‍ॅम्प थेट 230 वर लावू नका. असे अ‍ॅम्प दरवर्षी येतात.

बाकीच्या

घरी बास आणि ट्रेबल पूर्ण, मिड शून्य: एकट्याला छान लागतं, बँडमध्ये गिटार गायब. गिटारचा जीव मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांत, आहे. खाली कीबोर्डचा डावा हात आणि ढोल आधीच बसलेले असतात.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून गुडघ्यांना ऐकवू नका. खुर्चीवर ठेवा, नाहीतर मागे कलवा.

स्पीकरचं आउटपुट मिक्सरमध्ये किंवा ऑडिओ इंटरफेसमध्ये कधीच लावू नका. लाइन आउट, म्हणजे मिक्सरला द्यायचा हलका सिग्नल, वेगळं असतं. त्यातही कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारी सोय नसेल, तर डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) डबीत माशी अडकल्यासारखं येतं.

रेकॉर्डिंगला तर छोटाच अ‍ॅम्प बरा, कारण खोलीत तो मोकळा वाजवता येतो. एसएम57 माईक स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटं दूर ठेवा. स्पीकरच्या कागदी कोनच्या मध्यावर रोखला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवत नेला तर मऊ. टोनची बटणं फिरवण्याआधी माईक सरकवून बघा. घाई झालेले हेच करत नाहीत. आणि छताचा पंखा बंद करा. मे महिन्यातसुद्धा.