पॅनलवर पहिल्यांदा बसताना: गोव्यात डेव्हलपर निवडण्याविषयी

कंपनी सहा जणांची असते तोवर भरती म्हणजे मित्राच्या मित्राला फोन. विसांपर्यंत वाढायचं ठरलं की एखाद्या सिनियर डेव्हलपरला सांगितलं जातं, "आता मुलाखती तू घे." पणजी-पर्वरीकडच्या लहान कंपन्यांत हे सर्रास होतं, आणि कोणी शिकवत नाही. सहा जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या 15, वीस जणांत 190. म्हणजे चुकीचा माणूस आता एकट्याचं काम बिघडवून थांबत नाही.

गोव्यातली खरी अडचण माणसं मिळत नाहीत ही नाही, ती ओळखीची निघतात ही आहे. रेझ्युमेवर फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज किंवा फातोर्ड्याचं डॉन बॉस्को दिसलं, खाली आडनाव आणि गाव दिसलं, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौघांनी मत दिलेलं असतं. "तो? आमच्या वाड्यावरचाच. बरा भुरगो." बरा असेलही! पण त्याचा कोड अजून कोणी पाहिलेला नसतो. ओळखीने नाव आत यावं, त्याला माझी हरकत नाही; लहान कंपनीला त्याचा उपयोगच होतो. मात्र ज्याने नाव सुचवलं तो पॅनलवर बसणार नाही, एवढं आधीच ठरवून टाका. मालकाचा भाचा असला तरी. किंबहुना तेव्हाच जास्त.

आता परीक्षा कसली घ्यायची? फिझबझ हा मुलाखतीतला ठरलेला सोपा प्रश्न सगळ्यांना पाठ असतो. व्हाइटबोर्डवर बायनरी ट्री (माहिती फांद्यांसारखी मांडायची रचना) उलटी करायला लावून तुम्हाला फक्त कोणी तयारी केली ते कळतं. त्यापेक्षा आपल्या रोजच्या कामासारखा दीडेकशे ओळींचा कोड द्या, त्यात एक खराखुरा बग ठेवा आणि तासभर शेजारी बसा. उदाहरणार्थ, बुकिंगची तारीख मध्यरात्रीनंतर एक दिवस मागे पडते, कारण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. उत्तर सापडलं का याहून तो एरर मेसेज वाचतो का, अडल्यावर विचारतो का, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासतो का, ते बघा. एआयची मदत घेऊ द्या. मग त्यातली एक ओळ दाखवून विचारा, ही कशासाठी? फरक लगेच कळतो.

कामाचा नमुना आणि सगळ्यांना सारखेच प्रश्न, या दोन गोष्टी नुसत्या गप्पांपेक्षा भरवशाच्या ठरतात, हे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्येच जुन्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेऊन मांडलं होतं. म्हणून प्रश्न लिहून ठेवा. मुलाखत संपली की प्रत्येकाने आपलं मत आधी लिहायचं, मग तोंड उघडायचं. नाहीतर सर्वांत वरिष्ठ माणूस "मला नाही पटला" म्हणतो आणि बाकीच्यांची मतं तिथेच वितळतात.

पुण्या-बंगळूरहून येणाऱ्या अर्जांत एक वेगळा प्रकार असतो: समुद्रासाठी आलेले. त्यांना हसू नका, काही उत्तम निघतात. पण जून-जुलैतला पाऊस, रात्रीनंतर न मिळणारी बस, भाड्याचे दर, हे सगळं मुलाखतीतच सांगून टाका. तरीही यायचं म्हणतो त्याला घ्या.

ऑफर लेटर दिलं की झालं असं समजू नका. साठ-नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड असतो, आणि तेवढ्यात दुसरी ऑफर येते. पंधरवड्याला एखादा फोन करा, टीमशी ओळख करून द्या. सीटीसीचा, म्हणजे त्या माणसावर कंपनीच्या होणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चाचा आकडा सांगताना हातात महिन्याला किती पडतील तेही सांगा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यात धरलेली असते, हे पहिल्या नोकरीवाल्यांना ठाऊक नसतं. पहिला पगार बघून तोंड वाकडं झालेला माणूस मनाने तिथूनच निघालेला असतो.

आणि जॉइनिंगची तारीख चतुर्थीच्या आठवड्यात ठेवू नका. ऑफिसात लॅपटॉप द्यायलाही कोणी नसतं.