पेन्यास्कीतोस दरीत दिवसभर जिओकॅशिंग करायचं तर

सॅन डिएगोतली आपली बरीच मंडळी राहतात पीक्यूत, म्हणजे रांचो पेन्यास्कीतोस या वस्तीत, आणि कामाला जातात सोरेंटो व्हॅलीत. या दोहोंच्या मधे लॉस पेन्यास्कीतोस दरी पसरली आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा-सात मैल पायवाट, तळाशी ओढा, मध्यावर काळपट खडकांतून उतरणारा धबधबा, आणि वाटेच्या आजूबाजूला लोकांनी लपवलेल्या डब्या. जीपीएसच्या आधाराने या डब्या शोधायच्या, आतल्या वहीत सही करायची आणि होत्या तिथेच परत ठेवायच्या, हा खेळ म्हणजे जिओकॅशिंग. मी आणि माझ्या जाऊबाई दर हिवाळ्यात इथे जातो. नव्याने जाणाऱ्यांसाठी आमची पद्धत सविस्तर लिहिते आहे.

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. उन्हाळ्यात उघड्या उतारांवर सावली नावाला नसते. मात्र पाऊस पडून गेला की चिखल वाळेपर्यंत वाटा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी ते तपासा. डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा सकाळ वाया घालवू नका.

आदल्या रात्री जिओकॅशिंगच्या ॲपवरून डब्यांची यादी करा. नियमाप्रमाणे दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे सरळ वाटेवर मैलाला दहाच्या आसपासच बसतात. सगळ्या घेण्याचा हट्ट नको. प्रत्येक डबीला शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड असे १ ते ५ मधले दोन आकडे दिलेले असतात. दुसरा आकडा ३ च्या वर असेल तर मी ती डबी लांब पल्ल्याच्या दिवशी घेत नाही. एका चढणीत तासभर जातो आणि गुडघेही. आधी शोधून गेलेल्यांच्या शेवटच्या नोंदीही वाचा. ओळीने तिघा-चौघांना मिळालेली नसेल, तर बहुधा ती तिथे उरलेली नाही. दरीच्या तळाशी रेंजचा भरवसा नाही. यादी फोनमध्ये उतरवून घ्यायची सोय पैसे भरणाऱ्या सभासदांना आहे. नसेल तर अक्षांश-रेखांश आणि सूचना वहीत लिहून घ्या. मी दोन्ही करते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी यादीतलं सगळ्यात लांबचं ठिकाण गाठा. ब्लॅक माउंटन रोडकडून उजाडताच आत शिरा आणि धबधब्यापर्यंत सरळ चालत जा, वाटेत एकही डबी न शोधता. मन ओढ घेतं, पण घेऊ द्या. शोधायला सुरुवात करायची ती परतताना. मग जसजसे पाय थकतात तसतशी गाडी जवळ येत जाते, आणि पाणी संपत आलं तर कुठूनही सरळ बाहेर पडता येतं. उलट केलं की दुपारी दोनला माणूस दरीच्या पोटात असतो आणि अर्धी यादी अजून पुढेच असते.

दरीत फोनचा बाण का भरकटतो, हे समजून घ्या. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा लपवला. आता मोकळ्या मैदानात फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक सांगतो. पण कड्यांमुळे क्षितिजाजवळचे उपग्रह झाकले जातात, काही संकेत खडकावर आपटून उशिरा येतात, वर ओकची दाट पानं. शिवाय लपवणाऱ्याच्या यंत्रालाही याच अडचणी आलेल्या असतात. दोन्ही चुका एकात एक मिळतात. म्हणून दहा मीटर उरले की मी फोन खिशात टाकते. उभं राहून बघायचं: मी लपवली असती तर कुठे? एकाच दिशेने रचल्यासारख्या काटक्या, बुंध्याच्या बेचक्यात बसवलेला दगड, कुंपणाच्या खांबाची पोकळ बाजू. जाऊबाई तर वाटेवरूनच बोट दाखवतात. पंधरा मिनिटांत नाही दिसली तर सूचना वाचा, आणखी दहा मिनिटं द्या आणि पुढे चला.

हात कुठे घालता याकडे लक्ष असू द्या. इथे रॅटलस्नेक आहेत, उबदार दिवशी हिवाळ्यातही बाहेर येतात. खडकाच्या फटीत आधी काठी, मग नजर, हात सगळ्यात शेवटी. दुसरी भीती पॉयझन ओकची. तीन-तीन पानांचं हे झुडूप ओढ्याकाठी सगळीकडे आहे. आपल्याकडे बिब्बा उततो ना, हे त्याच कुळातलं. अंगावर तसेच फोड येतात. हिवाळ्यात पानं गळतात, पण नुसत्या काटक्यांनाही तेल असतं. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आणि घरी आल्यावर साबणाने हात-पाय धुऊन कपडे वेगळे धुवायला टाका. गोचिडीही तपासा.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. शिदोरीला आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेतो. घामाने गेलेलं मीठ भरून निघतं आणि दुपारपर्यंत काही बिघडत नाही. पॉवर बँक हवीच, आणि चालणारी दोन पेनं. छोट्या डबीत वहीची गुंडाळी तेवढी मावते, पेन नसतं.

डबी उघडताना येणारे-जाणारे लोक पुढे जाऊ द्या. सही करा, तारीख घाला. मोठ्या डब्यातली वस्तू उचललीत तर तितक्याच मोलाची ठेवा, मात्र खाऊ कधीही नको. कायोटी आणि उंदीर डबा फोडतात. आणि जशी होती तशीच, तिथेच, तेवढीच झाकून परत ठेवा. 'जरा चांगली जागा' शोधून ठेवणारे पुढच्या प्रत्येकाचा दिवस बिघडवतात.

संध्याकाळी नोंदी करताना न मिळालेल्या डब्यांचीही नोंद करा. लोकांना ते लाजिरवाणं वाटतं, पण लपवणाऱ्याला डबी गेली हे कळायचा तोच मार्ग आहे. झाकण तडकलं असेल, वही भिजली असेल, बाण वीस मीटर ओढ्याच्या पलीकडे दाखवत असेल, तर तेही लिहा. मिळालेल्यांच्या खाली चार शब्द टाकून मोकळे होऊ नका. कोणाच्या तरी हौसेमुळे तुम्ही त्या ओकखाली थांबलात, तिथे काय पाहिलंत ते दोन ओळींत सांगा.