डोमेन घेण्याआधी ट्रेंड कसा तपासायचा: ड्रोनचं उदाहरण

२८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने कंपनीचं नाव बदलून मेटा केलं आणि 'मेटाव्हर्स' जोडलेल्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावांवर, झुंबड उडाली. नावं घेणारे जवळपास सगळे पुढे नफ्याने विकू पाहणारे गुंतवणूकदारच होते. ते नाव पाटीवर लावून धंदा करणारा विरळा. अशा नावांना खरेदीदार मिळत नाही आणि रिन्यूअलचं बिल मात्र दरवर्षी न चुकता येतं. डोमेनच्या धंद्यात चर्चा बघून उपयोग नाही. कोणत्या शब्दाखाली लोक पैसे मोजून काम करून घ्यायला लागलेत, ते बघायचं.

भारतातल्या ड्रोनवरून हे नीट कळतं. नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए, तिच्या २०१८ च्या नियमांत या यंत्राचं नाव 'आरपीएएस' (रिमोटली पायलटेड एअरक्राफ्ट सिस्टिम) होतं. मार्च २०२१ मध्ये 'अनमॅन्ड एअरक्राफ्ट सिस्टिम रूल्स' आले, म्हणजे शब्द झाला 'यूएएस'. पाच-साडेपाच महिन्यांत ते नियम गुंडाळले गेले आणि २५ ऑगस्ट २०२१ ला 'ड्रोन रूल्स' आले. बाजारात, लग्नाच्या शूटिंगमध्ये, शेताच्या बांधावर लोक आधीपासून ड्रोनच म्हणत होते. सरकारी कागदावरचा शब्द आणि लोकांच्या तोंडचा शब्द वेगळे असतील तर लोकांचा धरा. दोन्ही एक झाले की खरेदीची वेळ आली असं समजा, कारण त्यानंतर परवाने, टेंडर, अभ्यासक्रम, जाहिराती सगळं त्याच शब्दात निघतं.

पण नुसतं 'ड्रोन' हे नाव कुणीतरी कधीच घेतलेलं असतं. कमाई असते ती त्याला जोडून येणाऱ्या दुसऱ्या शब्दात, आणि तो शब्द नियमांतूनच बाहेर पडतो. फेब्रुवारी २०२२ बघा. १ तारखेच्या अर्थसंकल्पात 'ड्रोन-ॲज-अ-सर्व्हिस'चा उल्लेख आला: भाड्याने सेवा देणारे येणार. ९ तारखेला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर काही अपवाद वगळता बंदी आली, सुटे भाग मात्र मोकळे राहिले: जुळणी करणारे, मोटर-बॅटरी-फ्रेम विकणारे येणार. ११ तारखेच्या दुरुस्तीने पायलटचं लायसन्स जाऊन रिमोट पायलट सर्टिफिकेट आलं, तेही मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेकडून: ट्रेनिंग स्कूल येणार, आणि 'ड्रोन लायसन्स' जोडून घेतलेली नावं शिळी होणार. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. तिथून फवारणी, दुरुस्ती, बॅटरी बदलणं ही कामं गावपातळीवर आली. प्रत्येक नियम वाचताना एकच प्रश्न विचारायचा: यामुळे उद्या कोणाला दुकान उघडावं लागेल?

त्यामुळे रोजचं वाचन ठरवून घ्या. पीआयबीची (केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाची) पत्रकं, राजपत्र, १ फेब्रुवारीचं भाषण, आणि आरबीआय, डीजीसीए, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची नियामक) यांतल्या तुमच्या क्षेत्राच्या नियामकाचे मसुदे. मसुदा अंतिम नियमाआधी हरकतींसाठी खुला होतो आणि डोमेनवाला तो क्वचितच वाचतो. जोडीला नोकरीच्या साइटवर त्या शब्दाच्या जागा निघतात का ते बघा. पगार द्यायला कोणी तयार असेल तर धंदा खरा आहे. यूट्यूबवरचे 'टॉप टेन फ्यूचर ट्रेंड्स' बघण्यात वेळ घालवू नका. तिथे पोचेपर्यंत चांगली नावं संपलेली असतात.

शब्द सापडला की गूगल ट्रेंड्स उघडा, पण त्यातले आकडे काय सांगतात ते समजून घ्या. शंभर म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला सर्वांत उंच बिंदू म्हणजे शंभर. प्रदेश भारत ठेवा, काळ पाच वर्षांचा. बारा महिन्यांचा आलेख शेतीच्या शब्दांत हमखास फसवतो: फवारणीचे शोध खरिपात चढतात आणि नवशिक्याला वाटतं ट्रेंड सुरू झाला. या जुलैची तुलना मागच्या जुलैशी करा, मे महिन्याशी नको. एकदम टोक येऊन खाली पडलेला आलेख बातमीचा असतो. पायरी-पायरीने चढून प्रत्येक पायरीवर टिकलेला आलेख मागणीचा. शून्यावरून शंभरावर आणि पुन्हा शून्यावर उड्या मारणारी तुटक रेषा दिसली तर शोध इतके कमी आहेत की त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मग गूगल ॲड्सच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये तोच शब्द टाका. जाहिरात चालू नसेल तर शोधांची संख्या ढोबळ टप्प्यांत दिसते, तरी चालेल. आपल्याला बघायचा असतो 'टॉप ऑफ पेज बिड', म्हणजे शोधाच्या पानावर वर दिसण्यासाठी लागणारी बोली. एका क्लिकसाठी जाहिरातदार पैसे मोजत असतील तर तो माणूस नावासाठीही मोजू शकतो. शोध भरपूर पण बोली नगण्य, असा शब्द माहिती हवी असणाऱ्यांचा असतो. शाळेच्या प्रकल्पासाठी ड्रोनवर निबंध शोधणारा मुलगा तुमचं डोमेन घेणार नाही.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो खरेदीदार मोजायला, आणि नेमकं हेच काम बहुतेक जण टाळतात. गूगल मॅप्सवर नाशिक, सांगली, जालना, पुणे अशी शहरं घेऊन 'ड्रोन स्प्रेइंग सर्व्हिस', 'ड्रोन ट्रेनिंग' शोधा आणि एका शीटमध्ये उतरवा: फर्मचं नाव, सध्याची वेबसाइट, जाहिरात चालू आहे का. ज्यांच्याकडे आधीच छोटं, स्वच्छ नाव आहे ते बाद. ज्यांचं सगळं काम फेसबुक पेजवर चालतं तेही बहुधा बाद, पन्नास हजार देऊन नाव घेण्याची त्यांना गरज वाटत नाही. उरतात ते खरे गिऱ्हाईक: वेबसाइट आहे, जाहिरातीवर खर्च आहे, पण नावात हायफन आहे, चार शब्द आहेत किंवा पत्ता फोनवर सांगताना तीनदा स्पेलिंग द्यावं लागतं. असे देशभरात निदान पंचवीस सापडले नाहीत तर शब्द कितीही आवडला तरी सोडून द्या.

नाव बांधताना दोन शब्दांच्या पुढे जाऊ नका. आधी विषय, मग काम: ड्रोन आणि स्प्रे, ड्रोन आणि सर्व्हे, ड्रोन आणि रिपेअर. मराठी शब्द मोहात पाडतात, पण रोमन लिपीत ते डोकेदुखी होतात. 'फवारणी' घ्या. सुरुवातीला 'एफ' की 'पीएच', मधे 'व्ही' की 'डब्ल्यू', शेवटी 'आय' की 'ई'? आठ स्पेलिंगं झाली आणि तुमच्याकडे त्यातलं एक. शेतकरी दुसरंच टाइप करणार. 'शेती', 'बाजार', 'गाव' यांसारखे शब्द बरे, तिथे लोकांचं स्पेलिंग बऱ्यापैकी ठरलेलं आहे. देवनागरीत लिहायचं 'डॉट भारत' २०१४ पासून उपलब्ध आहे आणि मराठीही त्यात चालते, पण ते स्वतःच्या वापरासाठी घ्यावं. पुनर्विक्रीच्या आशेने घेऊ नये.

एक्स्टेन्शनचाही, म्हणजे नावाच्या शेवटच्या डॉट कॉम, डॉट इन अशा भागाचाही, ट्रेंड असतो. 'डॉट एआय' हे मुळात कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि त्या छोट्या प्रदेशाच्या तिजोरीत डोमेनचा पैसा वाहू लागला. पण तिथे नोंदणी किमान दोन वर्षांची आणि दर डॉट इनच्या कितीतरी पट, म्हणजे चुकीच्या नावाची शिक्षाही तेवढीच मोठी. भारतापुरत्या सेवेला डॉट इन पुरतं. निर्यात करणाऱ्याला डॉट कॉम हवं. पहिल्या वर्षाला शे-दोनशे रुपयांत मिळणारी नवी एक्स्टेन्शन घेताना पुढच्या वर्षाचा दर आधी बघा. तो कित्येकदा अनेक पटींनी जास्त असतो.

पैसे भरण्यापूर्वी तीन तपासण्या चुकवू नका. पहिली, आयपी इंडियाच्या साइटवर ट्रेडमार्क शोध, 'वर्डमार्क' आणि 'फोनेटिक' दोन्ही प्रकारे. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलंय. डॉट इनचा वाद आयएनडीआरपी या वाद-निवारण धोरणाखाली जातो, डॉट कॉमचा यूडीआरपी या तशाच आंतरराष्ट्रीय धोरणाखाली, आणि दोन्हीकडे नाव काढून घेतलं जाऊ शकतं. दुसरी, डोमेनमध्ये सरकारी योजनेचं किंवा पंतप्रधानांचं नाव नाही ना. १९५० चा बोधचिन्हे आणि नावांचा कायदा आडवा येतो, शिवाय असं नाव विकत घेणारा बहुतेक वेळा फसवणूक करणाराच असतो. तिसरी, नाव आधी कोणाकडे होतं का: वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात बघा. तिथे जुगार किंवा बनावट औषधं दिसली तर तो डाग गूगलच्या आणि ईमेल फिल्टरच्या लक्षात राहिलेला असू शकतो.

पहिली लाट हुकली तर दुसरी संधी ड्रॉपमध्ये, म्हणजे सोडलेली नावं पुन्हा मोकळी होतात तेव्हा, मिळते. उत्साहात घेतलेली नावं वर्ष-दोन वर्षांत सोडली जातात. डॉट कॉमचं वेळापत्रक साधारण असं: मुदत संपल्यावर जुन्या मालकाला रिन्यूअलसाठी जास्तीत जास्त ४५ दिवस, मग ३० दिवस रिडेम्प्शन (जादा पैसे भरून नाव परत मिळवायची मुदत), शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट (नाव पुसलं जाण्याची वाट), आणि नाव मोकळं. चांगलं नाव मात्र त्याआधीच रजिस्ट्रारच्या (नावं नोंदवणाऱ्या कंपनीच्या) लिलावात जातं, म्हणून नजर मुदत संपण्याच्या तारखेवर ठेवा.

आता हिशोब. ६० नावं, प्रत्येकी रिन्यूअल ९०० रुपये: वर्षाला ५४,०००. शंभर नावांमागे वर्षाला एक-दोन विकली तरी बरं चाललंय असं या धंद्यात धरतात, म्हणजे ६० मध्ये जेमतेम एक. ते ४०,००० ला गेलं आणि नाव विकून देणाऱ्या साइटने १५ टक्के घेतले तर हातात ३४,००० येतात आणि वर्षाला २०,००० चा खड्डा पडतो. बरोबरीला यायला ती एक विक्री सुमारे ६४,००० ची हवी. म्हणून एका ट्रेंडवर दहा-बारा नावांपेक्षा जास्त नको, आणि मुदतीच्या महिनाभर आधी प्रत्येक नावाला विचारा: वर्षभरात एकही चौकशी आली का, शीटमधले खरेदीदार वाढले का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर सोडा.

नाव घेतल्याच्या दिवशीच विक्रीचं लँडिंग पेज (तो पत्ता टाकल्यावर उघडणारं पान) लावा आणि किंमत दाखवा. 'ऑफर द्या' एवढंच लिहिलेल्या पानावरून छोटा व्यावसायिक न विचारताच परत जातो. नव्या डॉट कॉमचं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हस्तांतर पहिले ६० दिवस बहुधा अडतं, हे खरेदीदाराला आधी सांगा किंवा त्याच रजिस्ट्रारकडे त्याला खातं उघडायला लावून नाव तिथे ढकला. व्यवहार एस्क्रोमार्फत, म्हणजे नाव पोचेपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फत, करा. आणि पैसे जमा झाल्याचा ईमेल आला म्हणून लगेच ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवायला लागणारा पासवर्ड) पाठवू नका. असे बनावट मेल सर्रास येतात. एस्क्रोच्या साइटवर स्वतः लॉगिन करून रक्कम दिसली की मगच कोड द्या.