रोज १०० घनमीटरच्या एसटीपीसाठी (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटसाठी) एसबीआर (एकेक बॅच शुद्ध करणारी पद्धत) घ्यावा की पाणी अखंड वाहत राहणारी सलग पद्धत?

घाण खाणारे जिवाणू दोन्हींकडे तेच, त्यांना हवा देणारे ब्लोअरही तेच. सलग पद्धतीत गाळ क्लॅरिफायर नावाच्या वेगळ्या टाकीत बसतो आणि पंपाने सतत परत आणावा लागतो. एसबीआरमध्ये हवा देणं आणि गाळ बसवणं ही कामं एकाच टाकीत पाळीपाळीने होतात.

दोन टाक्या आणि सहा तासांचं चक्र धरा. टाकीमागे दिवसाला चार बॅच, प्रत्येकी १२.५ घनमीटर. दर वेळी एक तृतीयांश पाणीच काढायचं, म्हणून टाकी ३७.५ घनमीटरची. वेळापत्रक: ३ तास भरणं (पहिली ४५ मिनिटं ब्लोअर बंद, मिक्सर चालू, म्हणजे नायट्रेट हे नायट्रोजनचं रूप कमी होतं), मग सव्वा तास नुसती हवा, १ तास गाळ बसणं, ४५ मिनिटं डिकँटर (वरचं स्वच्छ पाणी बाहेर काढणारं यंत्र).

पुष्कळ प्लांट पुढच्याच टप्प्यावर अडतात. ते १२.५ घनमीटर पाऊण तासात बाहेर येतं, म्हणजे तासाला जवळपास १७. सँड फिल्टर मात्र सरासरी धरून तासाला ५ घनमीटरचा घेतलेला असतो. मध्ये किमान एका बॅचची साठवण टाकी हवीच.

रोज हवा चालू असताना टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात ३० मिनिटं ठेवा. गाळ ३०० मिलीवर आला आणि एमएलएसएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ) ३००० असेल, तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) १००, झकास. ६०० मिलीवर अडकला तर सावध व्हा: ४ मीटर खोल टाकीत पाणी २.६७ मीटरपर्यंत उतरणार आणि गाळ २.४ मीटरवर असणार. जेमतेम २७ सेंटिमीटरच्या फटीत डिकँटर गाळ ओढतोच. एमएलएसएस ५५०० असेल तर गाळ नुसता जास्त झालाय, काढून टाका. ३०००च असेल तर तंतुमय जिवाणू माजलेत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत आणा आणि तेलकट पाणी कुठून येतं ते शोधा.

सलग प्लांटमध्ये सकाळच्या आंघोळी-धुण्यांचा लोंढा क्लॅरिफायरमधला गाळ उधळून लावतो, त्यामुळे इक्वलायझेशन टाकी (येणारं पाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी) टाळूच नका. गाळाचे गोळे बुडबुड्यांसह वर तरंगले तर तो खाली फार वेळ पडून राहिलाय. रिटर्न पंप वाढवा.

पीएलसी (एसबीआरचे टप्पे आपोआप चालवणारा नियंत्रक) दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर नसेल तर आमचं मत सलग पद्धतीलाच. जागा कमी आणि नायट्रोजनची मर्यादा कडक असेल तर एसबीआर घ्या, पण वीज गेल्यावर डिकँटरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो का, ते वीज तोडून समोर दाखवायला लावा.