चार फुटी टाकीत कुणाशेजारी कोण?

टाकी मोठी म्हणून दुकानात दिसतील ते सगळे मासे पिशवीत भरून आणू नका. एंजल माशाजवळ टायगर बार्ब मासे सोडलेत की ते त्याचे लांब पर कुरतडतात. इवले निऑन टेट्रा सोडलेत, तर मोठा झालेला एंजलच त्यांना रात्रीत गिळतो. बोटाएवढा ऑस्कर मासा वर्षभरात फुटाच्या घरात जातो. ‘काच साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासाही तसाच वाढतो, आणि घाण तर विचारूच नका! गोल्डफिश थंड पाण्याचा, इंदूरच्या मे महिन्यात त्याचे हालच.

माझं मत विचाराल तर रोझी बार्बचा सहा-आठांचा थवा आणि तळाला पाच-सहा कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मासे. आपल्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन घालून फिल्टर महिनाभर चालू द्या, मग मासे थोडे थोडे सोडा.