जुनी कॉर्व्हेट जजिंगला न्यायचीय? आधी पॉलिशचा डबा बाजूला ठेवा

माझ्याकडे १९६७ची कॉर्व्हेट (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार) कूपे आहे, ३२७ घन इंचांचं इंजिन, ३५० हॉर्सपॉवरवाली. दोनदा जजिंगला, म्हणजे जज गाडी तपासून पॉइंट देतात त्या कार्यक्रमाला, नेऊन झाली. पहिल्यांदा चांगलाच तोंडावर आपटलो आणि तेही गाडी खराब होती म्हणून नाही तर जास्तच चांगली केली होती म्हणून. तेव्हा पहिलीच वेळ असेल तर हे वाचून घ्या, पैसे वाचतील.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा की हा चकाचक गाडीचा कार्यक्रम नाही. एनसीआरएस, म्हणजे नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी (१९७४ पासून आहे), गाडी बघते ती ज्या दिवशी सेंट लुईसच्या फॅक्टरीतून निघून डीलरकडे तयार झाली असेल त्या अवस्थेशी ताडून. याला ते टिपिकल फॅक्टरी प्रॉडक्शन म्हणतात. आता फॅक्टरीत रंग मारणारा माणूस दिवसभर एकामागे एक गाड्या मारत होता, त्यामुळे दाराच्या कडेला, पॅनेलच्या आतल्या बाजूला रंग जरा खरखरीत, कुठे संत्र्याच्या सालीसारखा, कुठे नीट पोचलेलाच नाही असा असायचा. त्या काळी अॅक्रिलिक लॅकर मारायचे, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, वगैरे भानगड नव्हती. माझ्या गाडीला एका दुकानात बेस-क्लिअर (खाली रंग, वर क्लिअर कोट) मारून घेतला होता, आरशासारखा, येणारा जाणारा थांबून बघायचा. जजने आडवं होऊन पाच सेकंद बघितलं आणि लिहायला लागला. तिथेच कळलं काय होणारे ते.

मार्कांचं गणित साधं आहे. एकूण साडेचार हजारांच्या आसपास पॉइंट, पाच भाग: ऑपरेशन्स, इंटिरिअर, एक्स्टिरिअर, मेकॅनिकल आणि चेसिस. ९४ टक्के आणि वर म्हणजे टॉप फ्लाइट, ८५ पासून सेकंड, ७५ पासून थर्ड. प्रत्येक वस्तूला ओरिजिनॅलिटीचे वेगळे आणि कंडिशनचे वेगळे पॉइंट असतात. आणि इथे एक गंमत आहे, पार्टच चुकीचा असेल तर तो कितीही नवाकोरा असू दे, कंडिशनचेही पॉइंट जातात. म्हणून दुसऱ्या वर्षाचा चकचकीत पार्ट लावण्यापेक्षा बरोबरचा जरा झिजलेला पार्ट परवडतो.

तर सुरुवात कुठून करायची? पाना हातात घेऊ नका, आधी तुमच्या वर्षाची जजिंग गाइड घ्या आणि एक वही घ्या. मग गाडीवरचे सगळे नंबर आणि तारखा उतरवून काढा. कास्टिंगवरची, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागावरची, तारीख अशी वाचायची: अक्षर म्हणजे महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे ए ५ ७ म्हणजे ५ जानेवारी १९६७. स्मॉल ब्लॉकवर (३२७ सारखं लहान व्ही-८ इंजिन) ही तारीख मागे, गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग जोडतात त्या फ्लँजवर पॅसेंजर बाजूला असते, आरसा आणि टॉर्च लागतोच. पण ट्रिम टॅगवर (बॉडीची माहिती ठोकलेली छोटी पट्टी) जी बॉडीची तारीख असते तिथे अक्षराचा हिशोब वेगळा, तिथे ए म्हणजे त्या मॉडेल वर्षाच्या उत्पादनाचा पहिला महिना, जानेवारी नव्हे. इथे भलेभले गंडतात, मीही गंडलो होतो आणि आठवडाभर वाटत होतं की गाडीच खोटी आहे.

क्रम जुळला पाहिजे. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली. गाडी बनल्याच्या नंतरची तारीख असलेला पार्ट सापडला की विषयच संपला, तो नंतर बदललेला. आधीची असेल तर साधारण सहा महिन्यांपर्यंत चालतं. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, काचा, इतकंच काय स्पार्क प्लगच्या वायरीवरही तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं.

आता स्टॅम्प पॅड. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. पॅसेंजर बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते, तिथे इंजिन जोडल्याची तारीख आणि कोड ठोकलेला असतो आणि जवळच व्हीआयएनचे, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचे, आकडे. माझ्यासारख्या इंजिनवर व्ही०११२एचटी असं काहीतरी दिसेल: व्ही म्हणजे फ्लिंटचा प्लांट, ०११२ म्हणजे १२ जानेवारी, एचटी म्हणजे कुठलं इंजिन ते. पण जज फक्त आकडे वाचत नाही. टॉर्च तिरपा धरून तो धातूवरच्या बारीक समांतर रेघा बघतो, ब्रोच मार्क्स, ब्लॉक मशीन करताना उमटलेल्या. कुणी मागे कधी इंजिन रिबिल्ड करताना डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग, घासला असेल तर त्या रेघा गेलेल्या असतात, आणि मग वर अगदी बरोबर आकडे असले तरी ते कुणीतरी नंतर ठोकलेत असा संशय येणारच. पॅड साफ करताना थिनर आणि मऊ फडकं, बस. सँडपेपर, वायर ब्रश अजिबात नको, हात जोडून सांगतो. एवढी वर्षं टिकलेल्या रेघा तुम्ही दोन मिनिटांत घालवाल.

बाकी बारीकसारीक गोष्टी खूप आहेत, लोक जिथे पॉइंट घालवतात त्या सांगतो. हेडलाइट टी-३ असायला हवेत, मध्ये त्रिकोण असलेले. टायर बायस-प्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीचे तिरप्या थरांचे, रेडियल लावून गाडी छान पळते पण इथे पॉइंट जातात. होज क्लॅम्प हार्डवेअरच्या दुकानातले स्क्रूवाले लावले असतील तर काढा, त्या त्या होजवर फॅक्टरीत जो क्लॅम्प होता तोच लागतो. फ्रेमला पावडर कोटिंग करू नका, मूळचा काळा रंग एवढा झगमगीत कधीच नव्हता. आणि खाली जे कास्ट आयर्नचे भाग उघडेच होते त्यांना उगाच काळा रंग मारत बसू नका. माझ्या एका मित्राने डिफरन्शियल इतकं सुंदर रंगवलं होतं की बघून वाईट वाटलं.

ऑपरेशन्स हलक्यात घेऊ नका. जज सांगतो, तुम्ही चालू करून दाखवायचं: हॉर्न, वायपर, हीटरचा फॅन, फिरून उघडणारे हेडलाइट, सिगारेट लायटर, रेडिओ, घड्याळ. या गाड्यांची घड्याळं कुप्रसिद्ध आहेत. माझं रिपेअर करून आणलेलं, आदल्या रात्री टिकटिक करत होतं आणि सकाळी जज शेजारी बसला तेव्हा पठ्ठ्या बंद. म्हणून महिनाभर आधीपासून रोज सगळं एकदा चालवून बघत जा, आदल्या दिवशी नाही.

त्या दिवशी गाडीपाशी स्वतः थांबा, बॉनेट दारं तुम्हीच उघडायची. आणि वाद घालू नका. एखादी गोष्ट खरंच फॅक्टरीची आहे असं वाटत असेल तर शांतपणे कारण सांगा, ऐकून घेतात. पण माझ्याकडे कागद आहेत असं म्हणून फार उपयोग नाही, पॉइंट गाडीला मिळतात, फायलीला नाही. पेट्रोलच्या टँकवर चिकटवलेला बिल्ड शीटचा (गाडीत काय काय बसवायचं त्या फॅक्टरीच्या यादीचा) कागद सापडला तर सोन्यासारखा जपा, पण तो तुमच्या माहितीसाठी आणि पुढे विकताना कामाचा. तसंच टॉप फ्लाइट मिळालं म्हणजे संस्थेने गाडी अस्सल असल्याची गॅरंटी दिली असं होत नाही, विकणारे तसं भासवतात ते वेगळं.

जमलं तर गाडी ट्रेलरवर न नेता चालवत न्या, त्याचे बोनस पॉइंट असतात. आणि त्याआधी एकदा ऑब्झर्वर जज, म्हणजे जजसोबत राहून बघणारा, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर दिवसभर उभे राहा, वाचून जे वर्षभरात कळत नाही ते तिथे एका दुपारी कळतं.

शेवटी स्कोअर शीट हातात मिळतात. मी पहिल्या वेळी रागाने त्या डिकीत, म्हणजे सीटमागे, फेकल्या होत्या (या गाडीला डिकी कुठे उघडते), महिन्याने काढून वाचल्या. कुठल्या ओळीवर किती गेले सगळं लिहिलेलं असतं. मी यादी केली, स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी: क्लॅम्प, हेडलाइट, टायर, घड्याळ. दुसऱ्या वेळी सेकंड फ्लाइट आलं. रंग अजून तोच आरशासारखा आहे, लॅकरवाला माणूस शोधतोय.